बांधावरचे तेल

करंजीला करंजी का म्हणतात, असा प्रश्न गेल्या दिवाळीत आमच्या कन्येने विचारला. सौ. पाऱ्या लाटीत होती, मी सारण भरीत होतो आणि कन्या कातण्याने कडा कातरीत होती. मराठीच्या प्राध्यापकाच्या घरात असले प्रश्न त्याच्याच वाट्याला येतात; आणि उत्तर आले नाही, तर “मग एम. ए. कशात केलेत?” हा दुसरा प्रश्न पोळपाटापाशी तयारच असतो.

मी म्हणालो, “करंजाची शेंग पाहिलीस का कधी? चपटी, पोटात फुगीर, टोकाशी जरा वाकलेली. तिच्या आकारावरून हे नाव पडले, असे सांगतात.”

“आणि करंज कुठे असतो?”

“आपल्या फाटकाशी उभा आहे तो! रोज त्याच्या सावलीत सायकल लावतेस.”

“त्याच्या तेलाची बाटली कपाटात आहे, तीही दाखवा,” सौ. म्हणाली. “आण्णांनी पाठवलेली.”

त्या बाटलीची हकीकत सांगायची म्हणजे जत तालुक्यातल्या एका कोरड्या रानापासून कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळच्या टेकडीपर्यंत जावे लागेल. मध्येच माझी एक जुनी चूकही कबूल करावी लागेल. प्रवासवर्णने लिहिणारी मंडळी सहसा आपल्या चुका गाळतात. मला ते जमणार नाही, कारण हा प्रवासच मुळी त्या चुकीपोटी घडला.

आण्णा हे माझे मामेभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. त्यांचे गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकाच्या सीमेलगत. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि बैलांशी दोन्ही भाषा, असा तिकडचा रिवाज. पाऊस बेताचा, जमीन बरी. शाळू आला तर वर्ष सुखाचे. पुढे बैल गेले आणि बँकेच्या कर्जाने ट्रॅक्टर आला. आण्णा म्हणत, “बैलाला कडबा तरी आपल्या रानातला घालत होतो. ह्याचं खाणं मात्र तालुक्याच्या पंपावरनं आणायचं.”

हे वाक्य माझ्या मनात बसले होते. २००६ साली मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, कॉलेजात नुकताच कायम झालो होतो आणि छापून आलेले सगळे खरे असते अशी माझी समजूत होती. त्या दिवसांत वर्तमानपत्रे मोगली एरंडाच्या कौतुकाने भरलेली असत. २००२ सालच्या अखेरीस दिल्ली–अमृतसर शताब्दी गाडी ५ टक्के बायोडिझेल मिसळून धावली होती. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाची शिफारस केली: पडीक जमिनीवर ही झुडपे लावायची, बियांचे तेल काढायचे, त्याचे बायोडिझेल करायचे आणि २०११-१२ पर्यंत देशातल्या डिझेलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत मिसळायचे. १ जानेवारी २००६ पासून सरकारी तेल कंपन्या लिटरला २५ रुपये दराने बायोडिझेल घेतील, असेही जाहीर झाले होते. झुडूप असे की, गुरे तोंड लावीत नाहीत आणि दुष्काळात मरत नाही. आणखी काय हवे?

त्या वर्षी मेच्या सुट्टीत मी मामाच्या ओसरीवर खडूने हिशेब मांडला. रुडॉल्फ डिझेलची गोष्टही रंगवून सांगितली. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल पद्धतीचे एक लहान इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते; म्हणजे ज्याच्या नावाने आपण पंपावर पैसे मोजतो, त्याच्या इंजिनाने आपल्या रानातले तेल तेव्हाच पिऊन पाहिले होते. आण्णा ऐकत होते. मामा मात्र म्हणाले, “रानात जे लावायचं ते खायचं तरी असावं, न्हाईतर गुराला घालायचं तरी.” मी हसलो. शिकलेला भाचा हसला म्हणून मामाही गप्प बसले.

त्या पावसाळ्यात आण्णांनी एका रोपे विकणाऱ्या दलालाकडून रोपे आणून चार एकर शाळवाच्या रानात मोगली एरंड लावला. पडीक जमिनीत नव्हे, चांगल्या रानात. कारण हिशेब चांगल्या रानाचाच जास्त भरत होता आणि तो मीच मांडला होता.

झुडपे जगली, यात खोटे काही नव्हते. पण पाण्यावाचून जगणे निराळे आणि पाण्यावाचून फळणे निराळे. तिसऱ्या वर्षी चार एकरांत तीन पोती बी निघाले. फळे एकदम पिकत नाहीत. आज चार, परवा सहा. ती तोडायला बाया लावल्या तर मजुरी बियांच्या किमतीला मागे टाकी. तीन पोती घ्यायला जवळपास कोणी गिऱ्हाईक नव्हते आणि रोपे देणाऱ्या दलालाचा फोन लागत नव्हता. २०१० साली आण्णांनी ट्रॅक्टर घालून सारे उपटून टाकले. त्या नांगरटीचे डिझेलही पंपावरचेच होते.

मी भेटायला गेलो, तेव्हा ते चिडले नाहीत. चहा दिला आणि एवढेच म्हणाले, “तुमचं शिकलेल्या माणसांचं बरं असतंय. आमचं पीक गेलं तरी तुमचा पगार येतोच.”

त्यानंतर मी लग्नकार्यापुरता तिकडे जाऊ लागलो. बोलणे होई, पण पावसाचे आणि पाहुण्यारावळ्यांचे. पूर्वी ते मला ‘बाळ’ म्हणत. आता ‘प्रोफेसर’ म्हणू लागले.

* * *

२०१५ च्या दिवाळीनंतर अचानक त्यांचा फोन आला. “प्रोफेसर, ती कुठली मराठीची जुनी ओळ, कर्नाटकात आहे म्हणून सांगत हुतास, ती बघितलीस का?”

“श्रवणबेळगोळची? नाही अजून.” पंधरा वर्षे जी ओळ मी मुलांना शिकवीत होतो, ती डोळ्यांनी पाहिली नाही हे सांगताना मला लाजच वाटली.

“मग चल. मला हासनला जायचंय. तिकडं करंजाच्या तेलाचं काय काय करत्यात म्हणं. कन्नड मी बोलतो, तू फक्त ऐक. ह्या वेळी हिशेब मी मांडणार.”

मिरजेला आम्ही दुपारी राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसलो. वहिनींनी शाळवाच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दह्याचा डबा दिला होता. बेळगावला दिवेलागण झाली. फलाटावरच्या बोलण्यात मराठी आणि कन्नड अशी काही मिसळली होती की, कोणता शब्द कुठून आला हे सांगताना भाषेचा प्राध्यापकही गोंधळावा. हुबळीनंतर मी झोपलो. अपरात्री आण्णांनी हलवून उठवले, तेव्हा अर्सीकेरे आले होते.

अर्सीकेरेला उजाडताना पाहावे. सगळीकडे नारळीच नारळी. पण कोकणातल्यासारख्या ओल्या, दाट वाड्या नव्हेत. इथे मोकळी, सपाट जमीन आणि तिच्यात ओळीने उभी असलेली झाडे. स्टेशनाबाहेर खोबऱ्याचा वास दरवळत होता. आण्णांनी चहावाल्याशी कन्नडात बोलायला सुरुवात केली आणि तो मिश्किल हसला. जतचे कन्नड उत्तरेकडचे, रांगडे. हासनचे मऊ, सुरावर चालणारे. आपल्याकडे कोल्हापूरकराने पुण्यात तोंड उघडावे, तसाच प्रकार. “कळतंय त्याला, पण हसतोय,” आण्णा म्हणाले. “तुमच्या कॉलेजात मी बोललो की असंच हसत्यात.”

बसने तासाभरात हासन गाठले आणि न्याहारी करून आम्ही मडेनूरला गेलो. हे ठिकाण हासनपासून थोड्याच अंतरावर आहे. बेंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने २००७ साली तेथे जैवइंधन उद्यान सुरू केले. उद्यान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कारंजी आणि फुलांचे ताटवे आले होते. प्रत्यक्षात होती ती रोपवाटिका, तेलबियांची झाडे, बिया ठेवण्याची खोली, तेल काढण्याचा एक्स्पेलर आणि बायोडिझेल करण्याच्या टाक्या. सगळीकडे कडवट, तेलकट वास. आण्णांनी तो छातीभर ओढून घेतला आणि म्हणाले, “करंज. आमच्या आजीच्या दिव्याचा वास.”

कन्नडात करंजाला ‘होंगे’ म्हणतात. आपल्याकडे कोकणात करंजाच्या आणि उंडीच्या तेलाला ‘कडू तेल’ म्हणत आणि रॉकेल येण्यापूर्वी ते दिव्यांत जाळीत. कर्नाटकातही होंगे तेलाचा दिवा हा असाच जुना. १९९० च्या दशकात बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक उडुपी श्रीनिवास यांनी या विसरलेल्या तेलाला पुन्हा कामाला लावले. कग्गनहळ्ळी या कोरड्या भागातल्या गावी त्यांनी होंगे तेलावर इंजिने चालवून शेतीसाठी पाणी उपसून दाखवले. दिव्यातले तेल विहिरीवर आले; ट्रॅक्टर ही त्याच्या पुढची पायरी.

उद्यानातल्या ज्या गृहस्थांनी आम्हांला हिंडवले, त्यांना आण्णांनी पहिलाच प्रश्न असा विचारला, “मी चार एकर लावीन म्हणतो. किती निघेल?”

मला कळले, ही परीक्षा होती.

गृहस्थ म्हणाले, “चार एकर? पिकाच्या रानात लावू नका. बांधावर लावा, ओढ्याकाठी लावा, घराच्या कुंपणाला लावा. शेतात जे खायचे पिकते, तेच पिकवा.”

आण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. नऊ वर्षांपूर्वी ओसरीवर मामा जे बोलले होते, तेच वाक्य कन्नडातून फिरून माझ्याकडे आले होते.

पुढचा तासभर त्यांनी सगळे समजावून सांगितले. करंज लावल्यापासून पाच-सात वर्षांनी शेंगा धरू लागतो. झाडाच्या वयावर आणि जागेवर उत्पन्न ठरते. एखादे झाड दहा किलोही देत नाही, एखादे पन्नासापर्यंत जाते. साधारण चार किलो बियांचे एक लिटर तेल पडते. पेंड गुरांना चालत नाही, पण खत म्हणून उत्तम. तिच्यातल्या कडूपणामुळे जमिनीतल्या किडीलाही आळा बसतो. शिवाय झाड शेंगवर्गातले असल्याने मुळाशी नत्र साठवते. म्हणजे तेल नाही विकले, तरी झाड फुकट जात नाही.

मग तेलाचे बायोडिझेल कसे होते, ते पाहिले. घाण्यावरचे कच्चे तेल सरळ ट्रॅक्टरात ओतले तर काय होईल, असे मी विचारले. ते म्हणाले, थोडे दिवस चालेल, मग रुसेल. तेल डिझेलपेक्षा कितीतरी पटींनी दाट. नोझलमधून त्याचा बारीक फवारा उडत नाही, अर्धवट जळते आणि तोंडाशी काजळी धरते. म्हणून त्याला आधी पातळ करावे लागते. तेल गरम करून त्यात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालतात आणि साठ अंशांच्या आसपास ढवळत ठेवतात. मग ते स्वस्थ ठेवले की दोन थर होतात. खाली बसते ते काळपट ग्लिसरीन, वर राहते ते बायोडिझेल. वरचा भाग काढून पाण्याने धुवायचा आणि पाण्याचा अंश उरणार नाही असा सुकवायचा. करंजाचे तेल जुने, आंबट झालेले असेल, तर त्याच्यावर आधी आम्लाची प्रक्रिया करावी लागते. शंभर किलो तेलाला दहा-अकरा किलो मिथेनॉल लागते, आणि जवळजवळ शंभर किलो बायोडिझेल व दहा किलो ग्लिसरीन मिळते.

काचेच्या भांड्यात ते दोन थर मी पाहिले. वरचा मधासारखा, खालचा काकवीसारखा.

“घरी करता येईल?” आण्णांनी विचारले.

“करू नका,” गृहस्थ ठामपणे म्हणाले. “मिथेनॉल विषारी आहे. पोटात गेले तर डोळे जातात, माणूस जातो. त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही. बी तुम्ही गोळा करा, तेल घाण्यावर काढा, पुढचे काम जाणत्या माणसाकडे द्या.”

मला त्या गृहस्थांचा फार आदर वाटला. २००६ साली कोणीतरी मला असे ‘करू नका’ म्हणायला हवे होते.

* * *

दुपारी ओळखीने एका शेतकऱ्याच्या मळ्यावर गेलो. साठीचा माणूस, कमरेला पांढरी लुंगी, बोलणे मोजके. आजोबांनी बांधावर लावलेले होंगे त्याच्याकडे होते. खोड दोघांच्या कवेत न मावणारे. त्याच्या सावलीत ट्रॅक्टर उभा होता. चार भाग डिझेल आणि एक भाग बायोडिझेल, असे मिश्रण तो घालीत होता.

आण्णांनी ट्रॅक्टरभोवती दोन फेऱ्या मारल्या. बाजारात बैलाचे दात पाहावेत, तसे त्यांनी फिल्टर पाहिले, पाइप चाचपले, धुराड्याच्या तोंडावर बोट फिरवून काजळी पाहिली. मग म्हणाले, “आता चांगलं सांगू नका. वाईट काय झालं ते सांगा.”

तो माणूस खुलला. तो सांगत गेला आणि आण्णा माझ्यासाठी मराठी करीत गेले. पहिल्या महिन्यात फिल्टर तीनदा तुंबला. त्याला वाटले, तेलात घाण आहे. पण घाण होती टाकीतली. बायोडिझेल टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ सोडवते, आणि तो सारा फिल्टरात येऊन बसतो. गाळ संपल्यावर तक्रार थांबली. मग इंधनाचा जुना रबरी पाइप फुगून मऊ झाला आणि गळू लागला. दुसऱ्या जातीचा पाइप बसवावा लागला. एकदा पिंप उघडे राहिले, पावसाळी हवेतला ओलावा त्यात शिरला आणि इंजिन अडखळू लागले. तेव्हापासून तो पिंप बंद ठेवतो आणि सहा महिन्यांपेक्षा जुना माल वापरीत नाही. एकदा लोभाने त्याने घाण्याचे कच्चे तेलच ओतून पाहिले. नोझलची दुरुस्ती करावी लागली, आणि जेवढे वाचले होते त्याहून अधिक गेले.

“आणि चांगलं?” मी न राहवून विचारले.

धूर कमी झाला, तो म्हणाला. इंजिनाचा आवाज जरा मऊ झाला. लिटरमागे जोर डिझेलपेक्षा किंचित कमी पडतो. नुसते बायोडिझेल घातले तर तो फरक जाणवेल, पाचात एक भाग असताना कळतही नाही. साठवायला धोका कमी, कारण डिझेलपेक्षा ते उशिरा पेट घेते. त्यातली वंगणाची बाजूही चांगली.

आण्णा ट्रॅक्टरवर चढले. परवानगी विचारली ती केवळ नजरेने. इंजिन सुरू झाले, त्यांनी नांगर खाली टाकला आणि त्या परक्या मुलखातल्या तांबड्या मातीत दोन तास काढले. दर फेरीला बांधाशी आले की ते कान तिरका करून इंजिनाचा आवाज ऐकत. त्यांचे ते ऐकणे पाहून मला वाटले, कविता शिकवताना मी कधी इतके कान देऊन ऐकले आहे का?

उतरल्यावर त्यांनी माझ्याकडे खडू मागितला. माझ्या खिशात तो असतो, हे त्यांना ठाऊक होते. ट्रॅक्टरच्या मडगार्डावर त्यांनी आकडे मांडले. एकरभर नांगरटीला दहा लिटर इंधन धरू. त्यातले पाचात एक, म्हणजे दोन लिटर बायोडिझेल. दोन लिटरला आठ किलो बी. “म्हणजे एक एकर नांगरायला आठ किलो करंज,” ते म्हणाले. “चाळीस झाडं लावली, झाडाला वीस किलो धरलं, तर आठशे किलो बी, दोनशे लिटर तेल. हजार लिटर मिश्रणाला पुरलं.” मग थोडे थांबून त्यांनी ते वीस किलो पुसले आणि दहा लिहिले. आणखी थांबले आणि चाळीस पुसून पंचवीस लिहिले.

“का हो, कमी का केलेत?”

“झाडं मरत्यात, प्रोफेसर. तुझ्या हिशेबात एक बी झाड मेलं नव्हतं.”

* * *

दुसऱ्या दिवशी चन्नरायपट्टणवरून श्रवणबेळगोळला गेलो. विंध्यगिरीच्या पायथ्याशी चपला काढल्या आणि कातळात कोरलेल्या सहाशेंहून अधिक पायऱ्या चढू लागलो. खाली तळे, समोर चंद्रगिरीची लहान टेकडी, चारी बाजूंना नारळी. मी तीनदा बसलो. आण्णा एकदाही नाही. वर आलो आणि प्राकारातून आत पाऊल टाकताच तो सुमारे ५७ फुटांचा गोमटेश्वर एकदम अंगावर आला. एकाच खडकातून घडवलेला, दंडांवर वेली चढलेल्या, पायांशी वारुळे. आणि चेहऱ्यावर असे काही हसू की, बोलणारा माणूस आपोआप हळू बोलू लागतो. गंग राजांचा मंत्री चावुंडराय याने दहाव्या शतकाच्या शेवटी हे शिल्प उभे केले.

मी पायांशी वाकलो. तिथे त्या ओळी होत्या. कन्नडात, तमिळात आणि नागरी लिपीत मराठीतही. हे चावुंडरायाने करविले, असे सांगणारी एक. आणि भोवतालची ओवरी गंगराजाने करविली, असे सांगणारी दुसरी. ही मराठीतली पहिली ओळ, असे आमच्या पिढीपर्यंत शिकवीत आले. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की, या मराठी ओळी बाराव्या शतकाच्या आरंभी कोरल्या असाव्यात. रायगड जिल्ह्यातल्या अक्षीचा शके ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा लेख यांच्याही आधीचा. पहिलेपण गेले, पण माझ्या डोळ्यांतले पाणी काही थांबेना. इतक्या दूर, परक्या मुलखात, कोणीतरी आपल्या भाषेत काही लिहून ठेवावे!

“काय लिहिलंय?” आण्णांनी विचारले.

“करवियलें. म्हणजे करविले. स्वतः केले नाही, दुसऱ्याकडून करून घेतले.”

“मग घडवणाऱ्याचं नाव?”

“ते नाही.”

आण्णा काही बोलले नाहीत. पण तो शब्द माझ्या मनातून जाईना. केले आणि करविले यांतला भेद मी वर्गात फळ्यावर अनेकदा समजावून दिला होता. चार एकर मोगली एरंड आण्णांनी लावला होता, पण करविला होता मी. नऊ वर्षांत एकदाही मी तसे म्हटले नव्हते. दोष दिला तो वर्तमानपत्रांना, सरकारला, दलालाला, पावसाला.

उतरताना अर्ध्या वाटेवर मी थांबलो. म्हणालो, “आण्णा, त्या चार एकरांचं माझ्याकडून चुकलं. मी नीट माहिती न घेता तुम्हांला सांगितलं. तुमची चार वर्षं गेली.”

ते दोन पायऱ्या खाली गेले होते. वळून म्हणाले, “रान माझं हुतं. हो मी म्हणलं.” मग क्षणभराने, “पण बोललास ते बरं केलंस. ह्या वेळी झाडं लावायला ये. नुसतं सांगायला नको, खड्डे काढायला ये.”

* * *

२०१६ च्या जूनमध्ये मी खड्डे काढायला गेलो. दोन दिवसांत हाताला फोड आले आणि सहा खड्डे झाले. बाकीचे चौतीस आण्णांनी व त्यांच्या मुलाने काढले. बांधावर आणि ओढ्याकाठी चाळीस रोपे लावली. शाळवाच्या रानात एकही नाही. मामा तेव्हा थकले होते, पण काठी टेकीत बांधावर आले. म्हणाले, “हां. हितं शोभतंय.”

चाळीसांतली सव्वीस झाडे जगली. आण्णांनी मडगार्डावर पंचवीस लिहिले होते. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांतल्या काहींनी पहिल्यांदा मनासारखी शेंग दिली. शेंगा फोडून चौसष्ट किलो बी निघाले आणि घाण्यावर सोळा लिटर तेल. त्यातले लिटरभर दिव्यासाठी ठेवून उरलेले ओळखीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेले. तिथल्या मंडळींनी त्याचे बायोडिझेल करून दिले. पाचात एक या प्रमाणाने पाऊणशे लिटर मिश्रण झाले आणि त्यावर आण्णांनी सात एकर रान नांगरले. फिल्टर त्यांनी आधीच बदलला होता आणि पाइपही.

सात एकर नांगरट, तीही चार भाग पंपावरच्या डिझेलच्या सोबतीने. यात कोणी श्रीमंत झाले नाही. पैशाने पाहिले तर आण्णांनी फारसे काही वाचवलेही नाही. देशाचे २०११-१२ चे ते २० टक्क्यांचे स्वप्नही प्रत्यक्षात आले नाही. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत ५ टक्के बायोडिझेलचे लक्ष्य ठेवले आहे. मला वाटते, आकडा खाली आला हे चांगलेच झाले. झाडे मरतात, हे आता हिशेबात धरले गेले असावे.

या हिशेबात आपल्यासारख्या शहरातल्या घरांचाही एक वाटा आहे. तळणीचे वापरलेले तेल हेही बायोडिझेलचा कच्चा माल आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली हॉटेले आणि फराळवाले यांच्याकडचे असे तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची मोहीम सुरू केली. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की प्रकृतीला घातक होते, म्हणून त्याच वर्षी त्याच्यावर मर्यादाही घातली. म्हणजे कोपऱ्यावरच्या वडेवाल्याच्या कढईतले जे तेल आपल्या पोटात जायला नको, ते कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या पोटात जाऊ शकते. जमीन लागत नाही, पाणी लागत नाही. फक्त गटारात ओतायचे नाही, एवढे कळायला हवे.

गेल्या दिवाळीत करंज्या तळून झाल्यावर कन्येने ती बाटली आणली. आण्णांच्या हातची चिठ्ठी तिला दोऱ्याने बांधलेली होती: ‘बाळ, खाऊ नका. कडू आहे. दिव्याला घाला.’

चिठ्ठी मी दोनदा वाचली. ‘प्रोफेसर’ नव्हते.

अंगणातल्या एका पणतीत आम्ही ते तेल घातले. ज्योत जरा धुरकट, पिवळी, वास कडवट. शेजारच्या पणत्यांतून ती वेगळी ओळखू येत होती. फाटकाशी करंजाची पाने हलत होती. कन्या म्हणाली, “बाबा, ह्या झाडाच्या शेंगा कोण गोळा करतं?”

“झाडणारा येतो, तो कचऱ्यात टाकतो.”

“मग पुढच्या उन्हाळ्यात आपण ठेवू या. आण्णाकाकांना पाठवू.”

मी हिशेब करणार होतो. एक झाड, दहा किलो बी, अडीच लिटर तेल, सव्वा एकर नांगरट. पण सवयीने दहाचे पाच केले आणि म्हणालो, “ठेवू या.”